घर गांडुळं आणायला गेलं

ट्रेलर मागं घ्यावा तर ओरेस्ट ह्रिंकिवनं, असं आमच्याकडं सगळे म्हणायचे. खरं बघायला गेलं तर ओरेस्ट फक्त चाक फिरवायचा. ट्रेलर मागं घ्यायची ती नेट्टी, त्याची बायको. गाडीच्या मागं तीस पावलांवर उभी राहून, तोंडातून शब्द न काढता, नुसत्या हातांनी.

ट्रेलर, म्हणजे गाडीमागं जोडलेलं चाकांवरचं घर, ही चीज पुढं जाताना गरीब गाय असते आणि मागं जाताना उलट्या खोपडीची होते. डावीकडं ढकला, ती उजवीकडं जाते. त्यात टिन कप तळ्यावरच्या मुक्कामाच्या जागा म्हणजे स्प्रूसच्या झाडांतून कापलेल्या अरुंद बोळी. म्हणून शुक्रवारी दुपारी आम्ही जुने लोक खुर्च्या उघडून रस्त्याकडं तोंड करून बसतो आणि येणाऱ्यांची मजा बघतो. मागितल्याशिवाय मदत करायची नाही, हसायचं असलं तर कपात तोंड घालून हसायचं, एवढे दोन नियम. ट्रेलर मागं घेताना वेगळं व्हायची भाषा काढली नाही असं एक जोडपं मी या तळ्यावर पाहिलेलं नाही. दुसऱ्याचं कशाला, आमचंच सांगते. एकदा मी "थांब" म्हणाले आणि लॉर्न, माझा नवरा, थांबलाही, पण झाड त्याच्या आधीपासून थांबलेलं होतं. त्या रात्री तो गाडीत झोपला.

ह्रिंकिव आले की मात्र खुर्च्यांची कुजबुज बंद व्हायची. नेट्टी खाली उतरायची, रुमाल घट्ट बांधायची, जागेत जाऊन उभी राहायची. दोन तळहात समोर धरले की तेवढं अंतर उरलंय. उजवं कोपर खाजवलं की चाक जरासं उजवीकडं, डावं खाजवलं की डावीकडं. हात डोक्यावर ठेवला की थांब. हात डोक्यावर आणि डोळे मिटलेले असले की थांब, गाढवा. दोन मिनिटांत तीस फुटी धूड झाडांमधी असं बसायचं, जणू झाडं नंतर लावलीत.

ही विद्या तिची लहानपणची. तिचा बाप ठार बहिरा. सात वर्षांची पोर धान्याच्या कोठीपाशी उभी राहून त्याचा ट्रक मागं घ्यायची. कोठीला धक्का लागला तर सगळा गहू चिखलात, आणि ओरडून बापाला ऐकू जायचं नाही. पुढं लग्न झालं, गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं बावीस वर्षं काढली, तीन पोरं मोठी करून लांब पाठवली. पण तू काय केलंस असं कुणी विचारलं तर नेट्टी म्हणायची, "मी ट्रेलर मागं घेते." आम्हाला तो विनोद वाटायचा.

दोन हिवाळ्यांमागं ओरेस्ट कर्लिंगचा खेळ खेळताना बर्फावर घसरून पडला आणि त्याची मान वळायची राहिली. आयुष्यभर शेतकऱ्यांची कापणीयंत्रं दुरुस्त केलेला माणूस, कुठला भाग मोडला की बदलून टाकायचा एवढंच त्याला ठाऊक. मानेला दुसरा भाग मिळेना. मग त्यानं ट्रेलरच बदलला. या वसंतात तीस फुटी ट्रेलर विकला आणि ट्रकच्या पाठीवर बसवायचं घर घेतलं. ट्रकच्या टपावर पुढं आलेला झोपायचा माळा, खाली एक टेबल, दोन शेगड्या, मागं दार. ना जोडायचं ना सोडायचं. गोगलगाईसारखं घर पाठीवर घेऊन कुठंही जायचं.

नेट्टीला त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, आता तुला उन्हापावसात, डासांत मागं उभं राहायला नको. बायकोला लग्नाच्या चाळिसाव्या वर्षी नवं काहीतरी आणून दिल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता. नेट्टी म्हणाली, "बरं."

ते "बरं" मी ऐकलं असतं तर मी त्याला तेव्हाच सावध केलं असतं.

जुलैतल्या शुक्रवारी ते आले. आम्ही सगळे खुर्च्यांत. ओरेस्टनं ट्रक थेट नाकानं नऊ नंबरच्या जागेत घातला आणि इंजिन बंद केलं. झालं. लॉर्ननं कप तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. नेट्टी गाडीतून उतरली ती लग्नाला आलेल्या पाहुण्या बाईसारखी, हातात पर्स धरून. कुठं उभं राहावं ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वरेनिकींसाठी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांसाठी, बटाटे सोलत बसलो होतो. या घरात ओव्हन नाही, ओटा हातभर, माळ्यावर चढायचं तर मांजर होऊन चढायचं, असं ती सांगत होती. दार मागच्या बाजूला, आणि ओरेस्ट नाकानं आत घुसतो, म्हणून दार उघडलं की समोर रस्ता आणि कचऱ्याचा डबा. ती म्हणाली, चाळीस वर्षं सकाळची कॉफी तळ्याकडं बघत प्यायले, आता अस्वलांनी उलटलेला डबा बघत पिते. मी म्हटलं, होईल सवय. तिनं सुरी खाली ठेवली.

"तसं नव्हे गं, पर्ल. यंदा मी सामान म्हणून आलेय. बशी, चमचा, नेट्टी." मग पुन्हा सुरी उचलून म्हणाली, "हा शेवटचा उन्हाळा. पुढल्या वर्षी त्याला एकट्यालाच पाठवीन. मी घरी टोमॅटो बघीन."

मी ते लॉर्नला सांगितलं. तो म्हणाला, ओरेस्टला सांगावं का. मी म्हटलं, सांगून कळणारा असता तर आधीच कळलं असतं.  एकोणीस उन्हाळे आम्ही शेजारी. नेट्टी नसलेला टिन कप तळ्याचा मुक्काम मला कल्पनेतही आणता येईना.

रविवारी सकाळी आठाच्या सुमाराला नेट्टी सगळ्यांच्या न्हाणीघरात आंघोळीला गेली. ओरेस्टची आमिषाची गांडुळं संपली होती. पिकरेल मासा सकाळीच गळाला लागतो, म्हणून तो घाईघाईनं ट्रकमधी बसला आणि बारा मैलांवरच्या दुकानाकडं निघून गेला. चाळीस वर्षं तो हेच करत आलाय. ट्रेलर जागेवर, नेट्टी ट्रेलरमधी, आणि ओरेस्ट गांडुळांना. हात आणि पाय सवयीनं चालले, डोकं उशीवरच राहिलं. पाठीवर घर आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

थोड्या वेळानं नेट्टी न्हाणीघरातून आली. अंगात गुलाबी टॉवेलचा झगा, डोक्याला टॉवेल, पायात रबरी सपाता. नऊ नंबरला पोचली तर तिथं चाकांच्या दोन खुणा आणि एक उलटी बादली. तिचे कपडे, चष्मा, खालची कवळी, कॉफी, सगळं गांडुळांच्या दुकानाकडं निघालेलं. ती मधोमध उभी राहून इकडंतिकडं बघायला लागली, जणू घर झाडामागं लपलंय.

त्यात आणखी एक भानगड. इथं जागा ठरवून ठेवता येत नाही. पैसे भरल्याची पावती आपल्या घराच्या खिडकीला चिकटवायची, रिकामी दिसेल ती जागा येईल त्याची. ओरेस्टनं रीतसर पावती चिकटवली होती. घराच्या खिडकीला. आणि घर गेलं होतं गावाला.

नेमका तेव्हाच शहरातून एक जोडपं आलं. नवाकोरा ट्रेलर, खिडकीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. नवऱ्याचं नाव ब्रॉडी, बायको शेल्बी, दोघंही तिशीच्या आतले. ब्रॉडीला नऊ नंबर रिकामी दिसली, आणि मधी एक झगेवाली म्हातारी. त्यानं काच खाली करून मर्यादेनं विचारलं, बाई, जरा बाजूला होता का. नेट्टी म्हणाली, ही जागा आमची आहे.

"तुमची गाडी कुठाय मग?"

"गांडुळं आणायला गेलीय."

"आणि घर?"

"घरबी गांडुळं आणायला गेलंय."

ब्रॉडीनं बायकोकडं बघितलं. त्या नजरेत म्हातारीचं काहीतरी बिघडलंय असं लिहिलेलं होतं. तो म्हणाला, नियम नियम असतो, पावती दाखवा नाहीतर आम्ही घुसतो. दुसरी रिकामी जागा एकच होती, चौदा नंबर. ती का रिकामी राहते हे सगळ्या तळाला ठाऊक. तोंडाशी दोन स्प्रूस, आत गेल्यावर वळण, वळणावर एक दगड. मागल्या सहा वर्षांत तिथं तंबूशिवाय कुणी राहिलेलं नाही.

मी आणि लॉर्न साक्ष द्यायला उठलोच होतो. पण नेट्टीनं आमच्याकडं बघून हात डोक्यावर ठेवला. तो हात आम्हाला ओळखीचा होता. आम्ही थांबलो.

ती चालत ट्रेलरच्या मागं गेली, वाकून चाकं बघितली, लांबी पावलांनी मोजली. मग ब्रॉडीच्या खिडकीशी येऊन म्हणाली की तुझा ट्रेलर सव्वीस फुटी आहे, चौदा नंबरमधी बसतो, वर तळ्याचा वारा मिळतो आणि डास कमी. ब्रॉडी म्हणाला, आपल्याला ट्रेलर मागं घेताच येत नाही. म्हणून तर सरळ घुसायला नऊ नंबर हवी होती. शेल्बी मागून म्हणाली की येताना पेट्रोल पंपावर यावरूनच तमाशा झाला होता आणि ती अजून त्याच्याशी बोलत नाहीये.

"नकोच बोलू," नेट्टी म्हणाली. "तोंडाचं कामच नाही यात."

तिनं ब्रॉडीला चार खुणा सांगितल्या. पाचवी, डोळे मिटायची, ती सांगितली नाही. मग झग्याचा पट्टा आवळला, डोक्याचा टॉवेल रुमालासारखा मागं बांधला आणि चौदा नंबरच्या वळणावर दगडाशेजारी जाऊन उभी राहिली. शेल्बीला तिनं शेजारी उभं केलं, माझे हात बघ म्हणाली.

एव्हाना तळावरच्या साऱ्या खुर्च्या तिकडं वळल्या होत्या. दात घासणारे ब्रश तोंडात धरून आले. ब्रॉडीनं पहिल्यांदा चाक उलटं फिरवलं. नेट्टीचा हात डोक्यावर गेला, डोळेही मिटले. त्यानं गाडी पुढं घेतली, पुन्हा मागं. नेट्टी कोपर खाजवत होती, दोन तळहातांत हवा धरून हळूहळू ती कमी करत होती. तिचे हात असे चालले होते की जणू पीठ मळतेय. दोन्ही स्प्रूस आणि ट्रेलर यांच्यामधी हात हात जागा राहिली. वळणावर ट्रेलर वळला, दगड चाकाला शिवला नाही, आणि नेट्टीनं शेवटी दोन तळहात जुळवले.

टाळ्या वाजल्या. शेल्बी ब्रॉडीशी बोलायला लागली.

आणि ओरेस्ट तेव्हाच परतला. काय बघतो तर त्याची बायको झग्यात, भर तळासमोर, परक्या माणसाचा ट्रेलर मागं घेऊन टाळ्या घेतेय. तो ट्रक रस्त्यातच उभा करून खाली उतरला. हातात गांडुळांचा डबा. आपण काय करून बसलोय ते त्याच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग आलं, आणि मानेपासून कानापर्यंत तो लाल झाला. कपडे घेऊन येतो म्हणाला. नेट्टी म्हणाली, आता काय घाई आहे.

ओरेस्ट निमूट ट्रकमधी चढला आणि रोजच्यासारखा नाकानं नऊ नंबरमधी घुसायला लागला. नेट्टी चालत पुढं आली आणि ट्रकच्या नाकासमोर उभी राहिली. बादलीशेजारी, झग्यात.

"उलटा घे," ती म्हणाली. "दार तळ्याकडं पायजे मला."

"अगं, मान वळत नाही माझी. मागचं काही दिसत नाही या घरापायी."

"मान तुझी गेलीय. हात माझे जागेवर आहेत."

 ओरेस्टनं गांडुळांचा डबा बाजूच्या सीटवर ठेवला. यंत्रांचा माणूस, त्याला उशिरा कळतं, पण कळलं की पुरतं कळतं. तो काच खाली करून एवढंच म्हणाला, "मला वाटलं, तुला त्रास होतोय."

"चाळीस वर्षं विचारलं नाहीस. आता मागं घे."

त्यानं ट्रक रस्त्यावर नेला, फिरवला आणि मागं घ्यायला लागला. मागचं त्याला खरंच काही दिसत नव्हतं. आरशात फक्त गुलाबी बाह्या. एवढीशी गाडी, एका दमात बसली असती. पण नेट्टीनं त्याला दोनदा पुढं घ्यायला लावलं. लॉर्न म्हणाला, पहिल्यांदाच बरोबर होती की. मी त्याला गप्प बसवलं.

मग ती मागचं दार उघडून आत गेली आणि कवळी, चष्मा आणि निळा झंपर घालून बाहेर आली.

त्या दिवशी ओरेस्टला एकही पिकरेल मिळाला नाही, उशीर झाला होता ना. संध्याकाळी शेल्बी आणि ब्रॉडी बेरीचा केक घेऊन आले. आम्ही सहाजण नऊ नंबरच्या मागच्या पायरीभोवती बसलो. तळं समोर. ओरेस्ट शेल्बीला आपल्या मानेची कथा सांगत होता. नेट्टी पायरीवर बसून कपातली कॉफी फुंकत होती आणि घराला नावं ठेवत होती. शेगडी वाकडी. माळ्यावर डोकं आपटतं. खिडकीच्या जाळीला भोक.

"आणि ही पायरी," ती म्हणाली, "फार उंच. पुढल्या वर्षी हिला कठडा लावून घे, ओरेस्ट."

ओरेस्ट हो म्हणाला. लॉर्न काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी त्याच्या तोंडात केकचा तुकडा घातला.