बायो काढायला गेलो होतो

बसा, चहा सांगितलाय. तो येईपर्यंत माझी फजिती ऐका. पण एक अट आहे, आमच्या बापूच्या कानावर जाता कामा नये. म्हणजे त्याला सगळं माहीत आहेच, पण मी तुम्हाला सांगितलं हे कळायला नको!

तर आमची प्रणाली यंदा बारावी सायन्सला. अकरावीला मीच तिला दोन्ही ग्रुप घ्यायला लावले होते. दोन्ही ग्रुप म्हणजे गणितही आणि बायोही. पोरगी डॉक्टर होऊ दे नाहीतर इंजिनिअर, आपली तयारी पाहिजे. तयारी म्हणजे तिची हो! माझं काय, मी आपला द्राक्षबागेत.

पण पोरीच्या मनात होतं फौजेत अधिकारी व्हायचं. मी अख्खी नोकरी करून हवालदार म्हणून परत आलो, आणि उद्या मी हिला सॅल्यूट मारायचा! मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? तर त्याला गणित लागतं, बायो लागत नाही. आणि पहाटे पळावं लागतं. अकरावीत मात्र पोरगी पुस्तकावर गाल टेकून झोपलेली असायची. सकाळी उठली की गालावर बेडकाची अर्धी आकृती!

हट्ट असा तिनं केला नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, एक विषय कमी करा की. पळायला सकाळ मोकळी पायजे. तुमी सोता येऊन सांगितलं तर मॅडम बदलून देतील."

"उद्या जातो आन् बायो काढूनच येतो. फौजीचा शब्द हाय!"

दुसऱ्या दिवशी तासगावला कॉलेजात गेलो. मॅडमच्या केबिनमध्ये शिरतो तर समोर कोण? बापू! बापू म्हणजे माझा चुलत भाऊ. घराला भिंत एक, रानाला बांध एक. भावकी काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. त्यानं दारात एक दिवा लावला की मी दोन लावणार. माझी फवारणी झाली की त्याच्या बागेत संध्याकाळी पंप सुरू!

"का रं, हिकडं कुटं?" बापूनं विचारलं.

"पोरीच्या विषयांचं बगाय आलोय."

"मीबी आमच्या ऋतुराजचंच बगाय आलोय." मग डोळे बारीक करून म्हणतो, "तुज्या पोरीला दोन्ही ग्रुप हायत न्हवं? का झेपंना?"

झेपंना! झेपंना म्हणाला हो मला! आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "बोला, कोणाला विषय बदलायचाय?"

"बदलायचा? छ्या!" मी म्हणालो. "दोन्ही ग्रुप चालूच ठेवा, हे सांगाय आलोय."

"आमचंबी दोन्हीच," बापू म्हणाला. "वर ती मेडिकलची पहाटंची जादा बॅच असती, तीबी द्या."

"आमाला मेडिकलचीबी द्या आन् इंजिनिअरिंगचीबी!"

"आमच्या पोराला रविवारीबी बसवा."

"आमच्या पोरीला दिवाळीच्या सुट्टीतबी!"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, मुलांना विचारलंय का?"

"पोरांचाच आग्रह हाय!" आम्ही दोघं एकदम बोललो. आमच्या घराण्यात दोन भाऊ एका गोष्टीवर एकमतानं बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

"छान झालं," मॅडम म्हणाल्या. "पहाटेच्या बॅचला मुलंच मिळत नव्हती. पण त्या वेळी एसटी नसते हां. पालकांनीच आणून सोडायचं."

घरी आलो तर प्रणाली पळायचे बूट धुऊन उन्हात ठेवत होती. "झालं काम?" म्हणाली. मी म्हटलं, "पाणी दे आधी." तिला कळायचं ते कळलं. बायकोनं मात्र सगळं काढून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "आवं, बायो काढाय गेल्तासा का वाडवाय?"

पोरगी जेवली नाही, भांडलीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली.

पण माझ्यापेक्षा शहाणी निघाली. सकाळी स्वतःच कॉलेजात गेली आणि मॅडमना सरळ खरं सांगून टाकलं. मॅडमचा मला फोन आला. "हवालदारसाहेब, काढू का बायो? बॅचही रद्द करते."

"काढा मॅडम. पण तेवढं बापूला सांगू नका."

मॅडम हसल्या. खूप वेळ हसल्या. एवढं हसण्यासारखं काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

विषय सुटला, पण अब्रूचं काय? पहाटे माझी गाडी सुरू झाली नाही तर 'झेपंना' गावभर होणार! मग मी डोकं चालवलं. बेदाण्याची दोन रिकामी खोकी मोटरसायकलच्या मागच्या सीटवर उभी बांधली. त्यांना प्रणालीचा गुलाबी रेनकोट चढवला आणि टोपीत एक भोपळा बसवला. अंधारात, भुरभुर पावसात, हुबेहूब पोरगी! बायको म्हणाली, "ही जास्त गुमान बसतीया."

खरी प्रणाली मागच्या पाणंदीनं कधीच पळायला गेली होती.

बापूची गाडी माझ्या आधी निघाली. मागं काळ्या रेनकोटात ऋतुराज, अंग चोरून बसलेला. वाईट वाटलं पोराचं. बापूला जरा पुढं जाऊ दिलं आणि मी निघालो. फाट्यावरच्या टपरीत तासभर काढायचा आणि घरी परतायचं, असा बेत.

टपरीपुढं गाडी लावली, बघतो तर आत बापू बशीतनं चहा ओढतोय!

"जाता जाता एक च्या घ्यावा म्हणलं," तो म्हणाला.

"मीबी त्येच म्हणलं. ऋतुराज येत न्हाई व्हय च्याला?"

"पाठांतर चाललंय त्येचं. प्रणाली?"

"तिचंबी पाठांतरच चाललंय."

दोन्ही गाड्या झाडाखाली उभ्या, दोन्ही पोरं पावसात पाठांतर करतायत! एक चहा झाला, दुसरा झाला. बॅचची वेळ टळून गेली.

"उशीर हुतोय रं, व्हो की फुडं," बापू म्हणाला.

"तू आलास आधी, तू व्हो फुडं."

टपरीवाल्या म्हाताऱ्याला दया आली. दोन कप घेऊन तो झाडाकडे निघाला. "कसलं बाप म्हणायचं तुमी! पोरं भिजल्यात, त्यास्नी च्या तरी द्या."

"नगं! नगं!" आम्ही दोघं उठून पळालो, पण उशीर झाला होता. म्हातारा गुलाबी रेनकोटापुढं कप धरून म्हणत होता, "घे गं बाळ." बाळ काही घेईना. म्हाताऱ्यानं खांदा हलवला, तसा भोपळा खाली पडला आणि घरंगळत रस्त्यावर गेला.

घाबरून मागं सरताना म्हातारा काळ्या रेनकोटावर आदळला. रेनकोटाची टोपी मागं पडली. आत हेल्मेट घातलेलं युरियाचं पोतं!

बापूनं माझ्याकडं बघितलं, मी बापूकडं. मॅडम फोनवर एवढ्या का हसल्या, ते मला आत्ता कळलं! आणि तेव्हाच रस्त्यावरून दोघं पळत आले, प्रणाली आणि ऋतुराज. खरेखुरे. घामाघूम.

प्रणालीनं भोपळा उचलून माझ्या हातात दिला. म्हणाली, "पप्पा, ह्येलाच द्या आता दोन्ही ग्रुप."

"आमच्या पोत्यालाबी दोन्हीच!" बापू म्हणाला.

आणि काय सांगू हो, पोरगी समोर, हातात भोपळा, टपरीवाला बघतोय, तरीही माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या भोपळ्याला पहाटंची बॅचबी!"