डिंभ्याची एसटी आणि आमची टॉकीज

मंडळी, आज दुपारी जीव नुसता टांगणीला लागला होता. घरी आल्या आल्या लिहितोय.

आमच्या घोडेगावच्या जुन्या टॉकीजची एक रीत आहे. डिंभ्याची एसटी आल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. आज एसटीचा पत्ताच नव्हता आणि खेळाला आम्ही चारच म्हातारे, दारात उभे.

मालक दत्तू बाहेर येऊन म्हणाला, "तात्या, चौघांसाठी मशीन नाय लावता येत. आणि आज खेळ रद्द झाला, तर माझं पोरगं उद्याच ही जागा गोडाऊनला देणार. तसं ठरलंय आमचं."

"थांब की राव जरा," मी म्हणालो. "ती एसटी वेळेवर कधी आलीय?"

म्हणालो खरा, पण दर मिनिटाला रस्त्यावर जाऊन बघत होतो.

शेवटी एसटी आली. सात-आठ जण उतरले. एक आजी लगबगीनं येत म्हणाल्या, "सुरू तर नाय ना झाला?"

"तुमच्याबिगर कसा व्हईल?" म्हणत दत्तूनं घंटा दिली.

आजचं निभावलं. पण सिनेमाभर माझी नजर पडद्यापेक्षा रिकाम्या खुर्च्यांवरच जात होती.

उद्या दुपारी तुमच्यापैकी कोण येतंय? उशीर झाला तरी या. आम्ही थांबतो.