झुम्रेता काही सांगेना

झुम्रेताला सगळं कळायला हवं असतं. तूझ्ला शहरातल्या आमच्या केस कापायच्या दुकानात गिऱ्हाइकाचं डोकं भिजवायच्या आधी ती त्याच्या सुनेची चौकशी करते, आणि ते डोकं वाळेपर्यंत बातमी पुढच्या खुर्चीत पोचलेली असते. अशा बाईनं पन्नाशी उलटल्यावर, तरुणपणीच्या पदवीवरची धूळ झटकून, समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं, तेव्हा मी पोट धरून हसले.

"अगं, लोकांच्या भानगडी तुला इथे फुकट कळतात. तिथे कशाला जातेस?"

"भानगड कळून माझं भागत नाही रेमझा. पुढे त्या माणसाचं काय करायचं, ते कळायला नको?"

वर्गातली पोरं तिच्या मुलाच्या वयाची. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कोणाच्या घरातलं बाहेर बोललात तर नापास. मला खात्री होती, बया इथेच आपटणार.

प्रत्यक्ष कामासाठी तिला हिल्मो आजोबा मिळाले. जुने खाणकामगार, एकटे, गुडघे कामातून गेलेले. घरात मदतनीस येऊ देईनात, आणि मदतनीस नाही तर वृद्धाश्रम, असं ठरत आलं होतं. आमच्याकडे पाहुण्याला तीन कॉफ्या, एक स्वागताची, एक गप्पांची आणि शेवटची, 'आता उठा' म्हणून. समाजकल्याण कचेरीतून कोणी आलं की आजोबा आल्या आल्या म्हणायचे, "ही शेवटची." आधीची पोरं ती कॉफी तशीच ठेवून प्रश्न विचारत बसली, ती पुन्हा आत शिरू शकली नाहीत. झुम्रेता ती कॉफी प्यायची, "तुमच्या हातांना सोनं लागो" म्हणायची आणि निघून यायची. आणि दुकानात येऊन सगळं मला रंगवून सांगायची.

"एक खोली कुलूपबंद आहे बघ. कोणाला येऊ देत नाहीत ते तिच्यामुळेच. जीव नुसता वरखाली होतोय माझा."

"मग विचार की."

"विचारलं तर पुढच्या वेळी दारच उघडायचे नाहीत."

वसंतात एकदा ती बरीच उशिरा आली. डोळे लाल. आजोबांनी आज दुसरी, गप्पांची कॉफीही ओतली, एवढं म्हणाली आणि अंगावर एप्रन चढवला.

"आणि खोली?"

"गिऱ्हाईक खोळंबलंय, रेमझा."

त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी गोड बोलून पाहिलं, रुसून पाहिलं, गिऱ्हाइकांनाही तिच्यामागे लावलं. जिनं नवऱ्याचं घोरणंसुद्धा माझ्यापासून लपवलं नाही, ती ओठ मिटून कात्री चालवत राहिली. पुढच्याच महिन्यात आजोबांकडे एक मदतनीस बाई जायला लागली. वृद्धाश्रमाचं नाव कोणी काढेना. ते सकाळचे गच्चीत उन्हाला बसलेले मला दिसायचे, आणि मी खालून त्या कुलूपबंद खोलीच्या खिडकीकडे बघत बसायचे.

शेवटी मी वैतागून म्हणाले, "मी काय गावभर करणार आहे?"

"करशील," ती शांतपणे म्हणाली. "मीही केलं असतं."

मला राग आला. घरी जाईपर्यंत तो टिकलाही. पण तिचा अभिमान वाटला, हेही खरं.

माझ्या घरातली एक गोष्ट मी वर्षानुवर्षं गिळून बसले होते. झुम्रेताला तर चुकूनही कळू दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करताना मी दाराला आतून कडी लावली, तिला खुर्चीत बसवलं आणि ती गोष्ट सांगायला सुरुवात केली.