ताईच्या टाकीतला रंग

शहराचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात ताईचे केस पांढरे झाले. टाकीत जंतू पोसायचे, त्यांना हवा पुरवायची आणि मैला त्यांच्याकडून खाऊन घ्यायचा, हे तिचं काम. त्या जंतूंना ती लेकरं म्हणे.

धाकट्या भावाचा कापड रंगवायचा कारखाना होता. त्यानं काल कुठला रंग काढला, हे ताईला सकाळी टाकीकडे पाहूनच कळायचं. जांभळं पाणी आलं की लेकरं मरायची आणि ताईचं डोकं फिरायचं.

मग सांडपाण्याचा नवा दर आला. जो जास्त घाण सोडेल, त्यानं जास्त भरायचं. त्यासाठी बैठकीत ताईच भांडली होती. "चार भांडी धुणारी म्हातारी आणि कारखाना, दोघांना एकच दर? हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

भाऊ जेवायला आला तो तणतणतच. "छान घरचा आहेर दिलास. दर कमी करा म्हणून अर्ज टाकलाय मी."

"टाक की," म्हणत ताईनं त्याला आग्रहानं भाजी वाढली.

पुढे एके दिवशी टाकीत रंगच दिसेना. दुसऱ्या दिवशीही नाही.  ताईनं घाईघाईनं भावाला फोन लावला. "कारखाना बंद पडला का रे?"

"जोरात चालू आहे. रंग आता इथेच गाळून घेतो. तुझ्या दरापेक्षा ते स्वस्त पडतं."

ताईचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे दर बरोबर ठरलाय," ती म्हणाली. "तो अर्ज तेवढा मागे घे."