चपट्या किड्यांचा पाहुणचार

"अख्खी बाटली वततो. एक नाय राहिला पायजे," तिसऱ्या मजल्यावरचे घरमालक काका काकूंना सांगत होते. मी त्यांचा डबा परत द्यायला आले होते आणि नेहमीप्रमाणे दारातच घुटमळत होते.

समुद्राचे एवढे लाड करणारा आणि त्याचं एवढं न ऐकणारा माणूस करंजाड्यात दुसरा नसेल. काकांच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तिच्यात मासे आणि जिवंत पोवळी. पाण्यासाठी मीठ येतं परदेशातून, बादलीत पॅक होऊन. ते किती घालायचं हे काका बोट बुडवून, चाखून ठरवतात. मुलाने खारेपणा मोजायचं यंत्र आणलं, तर म्हणाले, "मिठागरवाल्याच्या जिभेला मशीन लावतोस?" घरात सुरमई तळायची असली की टाकीवर आधी चादर पडते. आतल्यांना वाईट वाटू नये म्हणून. मग काका निश्चिंत मनाने दोन तुकड्या जास्त खातात.

महिन्यापूर्वी नवं पोवळं आलं. दुकानदाराने बजावलं होतं, आधी औषधाच्या पाण्यात धुऊन घ्या. "पावण्याला काय दारात आंगोळ घालतात?" असं म्हणून काकांनी ते थेट टाकीत सोडलं. पाहुण्याच्या अंगावरून चपटे, तांबूस किडे उतरले आणि बघता बघता सगळ्या पोवळ्यांवर गंजासारखे पसरले.

"एवढे भाडेकरू काढले मी, यांना नाय काढणार?"

"त्यातला एक तरी निघाला का?" काकू आतून म्हणाल्या.

डबा ठेवायला मी आत गेले, तर टीपॉयवरच्या औषधाच्या बाटलीमागे बारीक इंग्रजीत सूचना होती: किडे एकदम मेले तर पाण्यात विष सोडतात, म्हणून आधी शक्य तितके नळीने ओढून काढा. काका सूचना वाचत नाहीत. मी वाचते, पण लोकांच्या घरात बोलत नाही.

औषध घालायचं म्हणून काकांनी लाटांचा पंप बंद केला. हॉल एकदम गप्प झाला. रोज संध्याकाळी ते टाकीसमोर डोळे मिटून बसतात, तेव्हा मला वाटायचं झोपतात.

"भरतीचं पाणी मिठागरात शिरायचं ना, तवा या पंपासारखाच आवाज यायचा," ते टाकीकडे बघत म्हणाले. त्या मिठागरावर आता कंटेनर उभे असतात.

त्यांचा सगळ्यात जुना नारिंगी मासा काचेपाशी येऊन त्यांच्या बोटाची वाट बघत होता. काकांच्या हातातली बाटली कलली.

"काका, थांबा," मी म्हणाले. "आधी किडे नळीने ओढून काढू, नाहीतर हा पण मरेल. बादली मी धरते."