करपलेली तगर

तीस वर्षं बातम्या लिहिल्या. छापता न आलेल्या गोष्टी वहीत साठत गेल्या. पण फुलं रंगवायला बसल्यापासून वही जास्तच वेगाने भरतेय. शांत व्हायच्या जागी माणसाला इतका संताप येतो, हे मला नवीन होतं.

पेणला रामवाडीत नलिनीताईंच्या ओटीवर आम्ही दर रविवारी बसतो. ताई जोह्याच्या, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या गावच्या. उभी हयात गणपतीच्या डोळ्यांची आखणी केली. त्यांचा नियम एकच: समोर एक फूल, तासभर तेच बघायचं, दिसेल तेच काढायचं. पहिल्याच दिवशी मी जास्वंदीच्या पाकळीवरचं किड्याचं भोक रंगाने बुजवलं. ताई म्हणाल्या, "पत्रकार, बातमीतपन असंच बुजवता काय?"

मी दुसरा कागद घेतला.

* * *

रोह्याच्या एका केमिकल कंपनीने ताईंना कामगारांसाठी बोलावलं. 'माइंडफुलनेस' म्हणे. ताईंनी पहाटे तोडलेली फुलं एचआरच्या साहेबाने गेटवरच ठेवून घेतली. "किडे असतात, मॅडम. फुलांची सोय केलीय आम्ही."

टेबलावर प्लास्टिकचे गुलाब!

ताई म्हणाल्या, "ह्यांच्याकडं तासभर काय बघू? हे कालपन असंच व्हतं, उद्यापन असंच."

* * *

तासाचीही वीस मिनिटं केली. वर फॉर्म: मन किती शांत झालं, एक ते पाचमध्ये लिहा. एकाने लिहिलं, 'शिफ्ट सुटल्यावर सांगतो.' साहेबाने नाव विचारलं. खोलीत कोणाला नावच आठवेना.

* * *

त्या कामगारांतला सुरेश, कंत्राटी, पुढे रविवारी आमच्याकडे यायला लागला. एकदा सांगत होता, "ताई, काल घरी कुणावर वरडलो नाय. बायको इचारते, बरं नाय काय?"

त्याने कंपनीच्या कुंपणाजवळची तगर काढली. पांढरी फुलं, कडा तपकिरी, करपलेल्या. मोठे साहेब येणार म्हणून कामगारांची चित्रं कंपनीच्या लॉबीत लावायची होती. एचआरवाला म्हणाला, "हे तपकिरी काय? पॉझिटिव्ह रंग वापर."

"तशीच हायत, साहेब."

"पांढरी कर. तुझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय ना?"

रविवारी सुरेशने हे ओटीवर सांगितलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, छापतो. सुरेशने हात धरला. "तुम्ही छापाल, पत्रकार. घर मला चालवायचंय." ताई एवढंच म्हणाल्या, "पांढरी केलीस तरी रविवारी ये."

* * *

सुरेशने कडा तपकिरीच ठेवल्या. मोठे साहेब यायच्या दिवशी सकाळी एचआरवाल्याने माळ्याकडून तगरीची सगळी फुलं खुडून घेतली. एकही ठेवलं नाही. मग सुरेशच्या हातात कोरा कागद दिला. "तुला बघूनच काढायचं असतं ना? जा, आता बघून काढ."

सुरेश तासभर कुंपणाजवळ बसला. पानं काढली, खुडलेले देठ काढले, झाडाखाली राहिलेली माळ्याची निळी बादली काढली. कागद नेऊन एचआरवाल्याच्या टेबलावर ठेवला.

साहेबाने तो उलटसुलट करून पाहिला. "यात फूल कुठंय?"

"बादलीत हायत, साहेब."