दोरीवरची तिसरी जागा

माह्या मानसाले मोहाच्या झाडाले बांधलं होतं. जाळ्याच्याच दोरीनं. दोन्ही हात मागं, छातीवर तीन वेढे. कमरेखाली सारा चिखल. अन् भाऊसाहेब खुर्चीवर बसून मले म्हनाले, "बाई, तुहा बैल बांधला आहे. पानी दाखव त्याले."

तळ्याच्या पारीवर, बांधावर, आख्खं गाव उभं होतं. सारे हासले. म्हाताऱ्या हासल्या, माह्या संगच्या बाया हासल्या. एकानं मोबाईल वर धरला.

मी बी हासली.

हो, हासली. लोकं हासून राह्यले का आपनबी हासाव, मंग आपन त्याईच्यातले होतो, असं वाटते. त्या हासन्याची लाज मले आजबी वाटते. म्हनून सांगून राह्यली.

आमी ढिवर, मासे धरनारे. अहेरीकडचं गाव. उन्हाळ्यात तळं आटलं का मोठं ओढजाळं पडते. दोन बाजूनं दोन दोऱ्या, एकेका दोरीवर दहा-बारा मानसं. एका घरचा एक मानूस. जागा ठरलेल्या, बापाची पोराले येते. माह्या मानसाची तिसरी. बाया पारीवर टोपले घेऊन उभ्या राहतात, दोरीले हात लावत नाई. तळं कागदावर मच्छीमार सोसायटीचं आहे. पन कधीकाळी भाऊसाहेबाच्या आजाचं होतं, तो मालगुजार, साऱ्या गावाचा जमीनदार. म्हनून आजबी त्याईची खुर्ची येते, अन् पहिला मोठा मासा त्याईच्या घरी जाते. काऊन जाते, कोनी इचारत नाई. मी बी कधी इचारलं नाई.

चार सालाआधी माह्या मानसाले आवाज ऐकू याले लागले. भिंतीतून, हंड्यातून. जेवन सुटलं, झोप सुटली. दोन सालं पुजाऱ्यापाशी गेली. कोंबडे देल्ले, लिंबं कापले, काई फरक नाई. मंग गावातल्या आशाताईनं आमाले गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाई म्हनाल्या, "हा आजार आहे. गोळी एक दिवसही चुकवायची नाही."

गोळीनं आवाज गेले. मानूस घरात परत आला. पोरीची वेनी घालून देऊ लागला. पन त्याच गोळीनं हात थरथरे. चहा पेताना बशीत सांडे. रोज सांजच्याले जेवन झालं का तो तळहात माह्यापुढं करे, अन् मी त्याच्यावर गोळी ठेवत होती.

मागच्या साली जाळं पडाच्या आधी सारे दोऱ्या तपासून राह्यले होते. याचा हात पाहून एक जन म्हनला, "यंदा मासे कायले पाह्यजे गा? याचाच हात फडफडते." सारे हासले, तो बी हासला. त्याले काई वाटलं नाई. मले लागलं. मनात आलं, भाऊसाहेबासमोर हा दोरी धरन अन् हात असा. बाया आधी हात पाहतीन, मंग माह्याकडं पाहतीन.

जाळ्याच्या आठ दिवस आधी मी गोळ्याचं पाकीट मोहफुलाच्या मडक्यात लपवलं. सांजच्याले त्यानं हात पुढं केला.

मी म्हनलं, "संपल्या."

"आनाच्या का?"

"जाळं झाल्यावर आनू."

त्यानं हात मागं घेतला. दुसरं काई इचारलं नाई. मी सांगतलं म्हनजे खरंच असन, असं त्याले वाटलं.

पाचव्या दिवशी हात थांबला. मी खुश झाली. डॉक्टरीनबाईपेक्षा मले जास्त समजते, इतकी माही अक्कल.

जाळ्याच्या दिवशी त्यानं दोरी धरली तवा हात एकदम घट्ट होता. मी पारीवर मान वर करून उभी होती. जाळं अर्ध्यात आलं अन् तो ओरडला, "थांबा गा. जाळ्यात लेकरं आहेत." कोनी थांबलं नाई. त्यानं कमरेचा चाकू काढला, पान्यात घुसला, अन् "निंघा रे, निंघा" म्हनत जाळं फाडलं. साऱ्या गावाचे मासे त्या भोकातून गेले. लोकं चिडले, ते खोटं नाई. पन त्याच्यापुरतं तो लेकरं वाचवून राह्यला होता.

मंग ते मोहाचं झाड. मंग बैल, पानी अन् हासनं.

हासनं थांबल्यावर भाऊसाहेबानं मले इचारलं, "याले घराबाहेर काऊन सोडलं?"

मी खाली वाकली, त्याईचे पाय धरले. म्हनलं, "मालक, मी का करू? पागल आहे तो."

पागल. हा शब्द मी तीन सालं कोनाले बोलू देल्ला नव्हता. त्याच्यापाई सासूसंग भांडली, बहिनीच्या घरी जानं सोडलं. अन् त्या दिवशी साऱ्या गावापुढं त्यानं तो माह्याच तोंडून ऐकला.

भाऊसाहेबानं पाय मागं घेतला. "हात वले आहेत तुहे. चप्पल खराब होते."

तवा झाडाकडून आवाज आला. हळू, जीभ सुकलेली. "मालक, तिले काई म्हनू नोका. माह्या गोळ्या संपल्या होत्या."

बांधलेला मानूस मले वाचवून राह्यला होता. अन् पाकीट माह्या घरी मडक्यात होतं. मले वाटलं, धरती फाटाव अन् मी आत जाव.

मी उठली. झाडाजवळ गेली. गाठ वली होती, नखानं सुटे ना. दातानं सोडली.

"ये बाई, मी सोड म्हनलं का?"

मी म्हनलं, "तुमी आज बांधलं, मालक. मी आठ दिवसाआधीच बांधलं होतं. गोळ्या संपल्या नव्हत्या. मी लपवल्या. अन् तो बैल नाई, माहा नवरा आहे."

भाऊसाहेबाच्या डोळ्यात पाहून मी पहिल्यांदा बोलली. त्याईनं मान फिरवली अन् हुकूम देल्ला, "आजपासून याची जागा बंद."

फाटलेलं जाळं आमी दोघानं पावसाळाभर बसून इनून देल्लं. गाठी त्यानंच मारल्या, थरथरत्या हातानं. एकबी गाठ सुटली नाई. सोसायटीनं जाळं घेतलं. मानूस घेतला नाई.

तो व्हिडिओ अजून फिरून राह्यला. अहेरीच्या बाजारात मासे घेता घेता एका गिऱ्हाईक बाईनं मलेच दाखवला. तिले मालूम नव्हतं मी कोन आहे ते. त्याच्यात माहं हासनं साफ दिसते.

माह्या मानसानं मले आजवर काई म्हनलं नाई. शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं. रोज सांजच्याले हात पुढं करते अन् इचारते, "संपल्या तं नाई ना वं?" मी पाकीट दाखवते. मंगच त्याले धीर येते.

परवा जाळं पडनार आहे. काल सोसायटीचा निरोप आला, "त्याच्या जागेवर त्याच्या भावाले पाठव. त्याले घरीच ठेव."

मी सांगून धाडलं, घरी कोनी राहनार नाई. तिसऱ्या जागेवर तोच उभा राहीन, अन् त्याच्यामागं दोरी धरून मी. बाईच्या हातानं जाळं बाटत असन तं बाटू द्या. त्याचा हात थरथरन, खुर्चीसमोर थरथरन. गोळ्याचं पाकीट मी कमरेले खोचून नेनार आहे, साऱ्याईले दिसन असं.

अन् पुन्हा कोनी दोरी घेऊन त्याच्याकडं आलं, तं आधी माहे हात बांधा लागतीन. गोळ्या लपवल्या त्या याच हातानं.